विचारून नको, सांगून जा

वाघोडिया,
गुरुवार, दुपार

प्रिय भक्ती,

पाकीट जाड आहे म्हणून दचकू नकोस. आत वकिलाचा कागद नाही. तुझ्या लग्नाच्या नोटिशीवर तुझा बाप हरकत घेणार, ही बातमी तुझ्या कानावर आली असणार. बापूमामाच्या पोटात काही राहत नाही, आणि राहिलंच तर आईच्या फोनमधून बाहेर पडतं. पाकिटात काय आहे ते शेवटी सांगतो. तू आधी तेच उघडून पाहणार हे मला ठाऊक आहे, लहानपणी गोष्टीचं शेवटचं पान तू पहिल्यांदा वाचायचीस. तरी या वेळी एवढं ऐक, आधी पत्र वाच.

फोन केला असता, पण गेल्या महिन्यात दोनदा केला, दोन्ही वेळा मी ओरडलो आणि दोन्ही वेळा तू ठेवून दिलास. ठीकच केलंस. कागदावर ओरडता येत नाही, फार तर अक्षर वाकडं होतं. शिवाय घरी समोर आई असते. ती माझ्या प्रत्येक वाक्याला मान हलवते, कधी हो म्हणून, कधी नाही म्हणून, आणि मग मी तुझ्याशी बोलतोय की तिच्याशी हेच मला कळेनासं होतं. म्हणून आज सुट्टी असूनही कारखान्यात येऊन बसलोय. मशिनं बंद आहेत, कॅबिनमध्ये मी एकटा आहे आणि बाहेर वॉचमनचा रेडिओ चालू आहे.

घरची खबर म्हणशील तर यंदा उत्तरायणला आपल्या गच्चीवर कोणी चढलं नाही. आईने तिळगूळ केला, उंधियो केला नाही. शेजारच्या गच्चीवरून सारख्या हाका येत होत्या, दत्ताजीभाई, उपर आवो ने! मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. एक कापलेला पतंग येऊन आपल्या शेवग्याला अडकलाय, तो अजून तसाच आहे. तू असतीस तर काठी घेऊन गेली असतीस.

तुझी नोटीस कचेरीतल्या फलकावर लागली आणि दोन-चार दिवसांत कुणीतरी तिचा फोटो काढून समाजाच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आई मेथी निवडत होती. फोन वाजला, तिने पाहिलं, आणि काड्या न् पानं एकाच भांड्यात टाकायला लागली. तसं तू आम्हाला दिवाळीनंतर स्वतः येऊन सांगितलं होतंस, आशयशी लग्न करतेय म्हणून, तेव्हा बातमी नवी नव्हती. पण घरात सांगितलेली गोष्ट वेगळी आणि भिंतीला चिकटलेली वेगळी. तुझं नाव, वय, पत्ता, आणि वर आमंत्रण, कुणाची हरकत असेल तर कळवावी! मंडपात बसून लग्न लावणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. दोन जाणती माणसं स्वतःच्या अकलेने ठरवतात, तर सगळ्या गावाला विचारायचं, बाबांनो, तुमची ना तर नाही ना? मला पहिला राग आला तो त्या फलकाचा. दुसरा तुझा आला. तिसरा आशयचा. हा क्रम लक्षात ठेव, माझी बाजू मांडायला एवढाच पुरावा माझ्याजवळ आहे.

माझा हा सरकारशी चाललेला वाद तुला नवा नाही. शाळेत असताना तू मला विरोधी पक्ष म्हणायचीस, आणि निवडणुकीत सरकार बदललं तरी बाबा विरोधी पक्षातच कसे, असं आईला विचारायचीस. आपल्या घराण्यात माझ्या आजोबांपर्यंत, मानसिंगरावांपर्यंत, सगळ्यांनी संस्थानाच्या फौजेत जन्म काढला. हुकूम आला की उठायचं, हुकूम आला की बसायचं. त्या पिढ्यांच्या मनात राहून गेलेले सगळे ‘का?’ बहुतेक माझ्या वाट्याला आले. माझं म्हणणं साधं होतं आणि आहे. सरकार म्हणजे सोसायटीचा वॉचमन. त्याने फाटकावर बसावं, चोर अडवावा, मारामारी झाली तर सोडवावी. त्याचा पगार आपण वेळेवर देऊ. पण आत येऊन भाजीत मीठ किती घातलं, मुलगी कुणाबरोबर बाहेर गेली, हे त्याने विचारायचं नाही. आणि दुसरी बाजूही तेवढीच खरी. वॉचमनला घरात घ्यायचं नसेल तर घर आपलं आपण सांभाळायचं. भाजी खारट झाली तर त्याच्या नावाने बोंब मारायची नाही.

हेल्मेटची गोष्ट तर तू सगळ्या कॉलेजात सांगितली होतीस. सक्ती होती तोवर मी दंड भरला पण डोक्यावर घेतलं नाही. मध्ये एकदा सरकारने शहरातली सक्ती उठवली, त्याच संध्याकाळी जाऊन मी हेल्मेट विकत आणलं. आई कपाळाला हात लावून बसली. मग सक्ती परत आली आणि माझी पंचाईत झाली, कारण तोवर सवय लागली होती. तू म्हणालीस, बाबा, आता काढा, नाहीतर लोक म्हणतील घाबरले. मी काढलं नाही. माझं डोकं मी सांभाळतोय, त्यात सरकारलाही बरं वाटत असेल तर वाटू दे.

आणि लक्ष्मीकांतकाकाचं पर्मिट. आपल्याकडे दारूबंदी, त्यामुळे प्यायची तर हेल्थ पर्मिट काढावं लागतं. म्हणजे डॉक्टरने लिहून द्यायचं की या गृहस्थांच्या प्रकृतीसाठी दारू आवश्यक आहे. लक्ष्मीकांतने काढलं. रोज सकाळी कमाटीबागेत धावणारा, दातांनी अक्रोड फोडणारा माणूस कागदावर रोगी झाला. त्याने मलाही फार आग्रह केला, की दत्ता, एक सही आणि महिन्याचा बंदोबस्त. मला अधूनमधून दोन घोट आवडतात हे तुझ्या आईलाही माहीत आहे. पण मी धडधाकट माणूस. मला आवडते म्हणून पिईन, नाहीतर कायदा आहे म्हणून पिणार नाही. मी रोगी आहे असं खोटं लिहून घेऊन पिणार नाही. इतकी वर्षं बडोद्यात मी थेंब घेतला नाही तो काही व्रत म्हणून नाही, त्या एका शब्दापायी. तुम्ही दोघी हसायचात, लक्ष्मीकांत तर अजून हसतो. आज हे हसण्यासाठी लिहीत नाहीये, पुढे याचा संबंध येणार आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात एक नियम होता आणि तो मीच केला होता. अकरावीत असताना मैत्रिणींबरोबर पावागडला जायचं म्हणून तू दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, बाबा, जाऊ का? आई आतून नाही म्हणाली. मी तुला जवळ बसवलं आणि म्हटलं, भक्ती, यापुढे विचारून नको, सांगून जा. कुठे, कुणाबरोबर, परत कधी, एवढं सांग. तू विचारलंस तर हो म्हणायची जबाबदारी माझी, आणि तू पडलीस तर ते पडणंही माझं होऊन बसतं. सांगून गेलीस तर पडणं तुझं आणि उठणंही तुझं. त्या दिवशी तू मोपेडवरून खरंच पडलीस. कोपर सोलून घेऊन आलीस आणि उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच म्हणालीस, वळणावर मी जोरात घेतली, चूक माझी. आई रडत हळद शोधत होती आणि मी, आज सांगायला हरकत नाही, आनंदाने वेडा झालो होतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळ्यांना पेढे दिले. कशाचे ते कुणाला सांगितलं नाही.

तर दिवाळीनंतर तू आलीस आणि नियमाप्रमाणे सांगितलंस. कुणाशी, कुठे, केव्हा. विचारलं मात्र नाहीस. आणि ज्याने नियम केला तोच ओरडला, मला विचारलंस का? मला माझं बोलणं ऐकू आलं, पण तोंडातून सुटलेलं परत घेता येत नाही, विशेषतः माझ्यासारख्याला. तू आत जाऊन बॅग भरलीस, मैत्रिणीकडे राहायला जातेय असं म्हणालीस आणि गेलीस. तेही सांगून.

आशय मला का पसंत नाही ते मी तुला नीट कधीच सांगितलं नाही, कारण ते इतकं लहान आहे की सांगायची लाज वाटते. मंडळाला त्याची जात खटकते, ते त्यांचं त्यांच्यापाशी. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढून स्वतःच्या कष्टाने इंजिनियर झालेला माणूस मला आवडायलाच हवा. तुझ्याहून बराच मोठा आहे, तेही मी गिळलं असतं. पण तो घरी आला त्या दिवशी आईने तुला विचारलं, भक्ती, चहा टाकू ना गं? आणि तो म्हणाला, भक्ती चहा घेत नाही. भक्ती चहा घेत नाही! ज्या घरात तुला चहाशिवाय डोळा उघडता येत नव्हता त्या घरात बसून तो हे सांगत होता, आणि तू पाण्याचा पेला उचललास. मग मी विचारलं, नव्या घरापासून तुझं क्लिनिक लांब पडेल ना? त्याचंही उत्तर त्यानेच दिलं. चांगलं दिलं, समजूतदारपणे दिलं. पण प्रश्न मी तुला विचारला होता.

आणि तू कोण, तर बोलायला अडखळणाऱ्या मुलांना बोलतं करणारी. हे तुझं शिक्षण, हे तुझं काम. तूच मला एकदा सांगितलं होतंस की मुलाला प्रश्न विचारला की उत्तर आई देते, आणि अशा वेळी पहिलं काम मुलाला शिकवायचं नसतं, आईला थांबवायचं असतं. तुम्ही नका सांगू, त्याला सांगू द्या, वेळ लागेल, थांबा. हे तू किती आयांना म्हणाली असशील. मग त्या दिवशी तू त्याला का थांबवलं नाहीस? कदाचित तू चहा खरंच सोडला असशील. कदाचित प्रेमात पडलेल्या माणसाला कुणी आपल्या वतीने बोललेलं गोड वाटत असेल. मला माहीत नाही. मला एवढंच दिसलं की दुसऱ्याची सत्ता माणसावर येते ती अशीच येते, आपल्या भल्यासाठी, गोड बोलत, आपल्या वतीने. मला भीती वाटली, भक्ती. फोनवर तू जे ओरडणं ऐकलंस ते त्या भीतीचं होतं.

मागच्या रविवारी बापूमामा आले. सोबत दोन कागद होते. पहिला मंडळाचा अर्ज, आईबापांच्या सहीशिवाय अशी लग्नं नोंदवू नयेत असा नियम सरकारने करावा म्हणून. सध्या आपल्याकडे हीच चर्चा आहे, तू ऐकली असशील. तो मी वाचला आणि सही न करता परत दिला. म्हटलं, सज्ञान मुलीच्या लग्नाला आज बापाची सही लागली तर उद्या तिच्या नोकरीलाही लागेल. आणि मुलीने बापाचं ऐकावं म्हणून ज्याला कारकुनाची मदत घ्यावी लागते, त्याचं तिने काय म्हणून ऐकावं? मामा म्हणाले, दत्ताजीराव, भाषण रेहवा दो, राहू द्या. आणि दुसरा कागद पुढे केला.

तो तुझ्या नोटिशीवरच्या हरकतीचा होता. मला वाटत होतं, बापाला पसंत नाही एवढं लिहिलं की झालं. तसं नसतं. हरकतीला कायद्यात बसणारं कारण लागतं. आधीचं लग्न, कमी वय, जवळचं नातं, नाहीतर मुलीचं मन ठिकाणावर नसणं. मामांनी वकिलाला विचारून ठेवलं होतं. ते माझ्याशेजारी सरकून बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, एक ज लीटी लखवानी छे. एकच ओळ लिहायची, बाकी वकील जोई लेशे, पाहून घेईल. आणि फाइल तर घरात आहेच की.

कोणती फाइल ते तुला सांगायला नको. मामांना दुष्ट समजू नकोस. तुला स्कूटर त्यांनी शिकवली, आणि त्या वर्षी आपल्याला दवाखान्यात नेणारी गाडीही तेच चालवत होते. म्हणून तर त्यांना फाइल ठाऊक. त्यांचा हिशेब असा, की हरकत खरी का खोटी हे ठरेपर्यंत काही दिवस जातील, तेवढ्यात पोरीचं डोकं थंड होईल, मग काय, आपलीच पोर आहे, विसरून जाईल.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू आधी जेवण सोडलंस, मग बोलणं सोडलंस. पडदे ओढून दिवसभर पडून असायचीस. आई म्हणत होती, तिला काय विचारता, उचला आणि डॉक्टरांकडे न्या. मी तुझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो आणि विचारलं, जायचं का? तू भिंतीकडे तोंड करून होतीस. मी बसून राहिलो. दुपारची संध्याकाळ झाली असेल, आईने मध्ये मला दोनदा शिव्या घातल्या. मग तू म्हणालीस, चला. किती दिवसांनी ऐकलेला तुझा तो पहिला शब्द. गोळ्या तू घेतल्यास, आणि पुढे डॉक्टरांशी बोलून बंदही तूच केल्यास. त्यातून उठलीस आणि दुसऱ्यांना बोलतं करायचं शिक्षण घेतलंस. त्या फाइलीत लिहिलंय ते एवढंच, की एक मुलगी आजारी पडली आणि बरी झाली. आणि त्यावर बोट ठेवून मी लिहायचं होतं की हिला स्वतःचं बरंवाईट कळत नाही.

मी तिथल्या तिथे नाही म्हणालो, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, विचार करतो. कागद माझ्या टेबलावर राहिला. मोह म्हणजे काय ते मला या वयात कळलं. सरकार आपल्या विरुद्ध असतं तेव्हा तत्त्व सांभाळायला काही लागत नाही, नुसतं तोंड लागतं. इथे तेच सरकार माझ्या दारात अदबीने उभं होतं, की दत्ताजीराव, तुमची मुलगी तुम्हाला नको असलेल्या माणसाबरोबर चालली आहे, सांगा, थांबवू? मी जेवायला बसलो की मला तो कागद दिसायचा. मनात म्हणायचो, तिच्या भल्यासाठी तर आहे. एकदाच तर आहे.

मंगळवारी लक्ष्मीकांत बागेत भेटला. त्याला सगळं कळलेलं होतं, या गावात कुणाला काय कळत नाही. हसत हसत म्हणाला, दत्ता, जन्मात पहिल्यांदा सरकार तुझ्या बाजूने आहे, घे की फायदा. मी म्हटलं, खोटं लिहून? तो म्हणाला, अरे, मी नाही का कागदावर रोगी? कुठे काय बिघडलं माझं? तो थट्टा करत होता. दोन घोटांसाठी स्वतःला रोगी म्हणवून घ्यायला मी कधी तयार झालो नाही. आणि माझी भीती जावी म्हणून तुला रोगी म्हणायचं की नाही, याचा मी तीन दिवस विचार करत होतो! लक्ष्मीकांत पुढे निघून गेला, मी तिथेच बाकावर बसलो. आणि मग मला तो चहा आठवला. आशयने तुझ्या चहाचं उत्तर दिलं म्हणून मी त्याला माफ करायला तयार नाही, आणि मी तुझ्या लग्नाचं उत्तर तुझ्या वतीने द्यायला निघालो होतो. तो निदान तुझ्यासमोर बोलला. मी तुझ्या पाठीमागे, कचेरीच्या शिक्क्याने बोलणार होतो.

काल मामांना बोलावून कागद परत दिला. फाडला नाही, तो त्यांचा होता. ते खूप बोलले. जाताना दारात म्हणाले, पोर उद्या रडत आली तर मला सांगू नका. मी म्हटलं, आली तर माझ्याकडे येईल, आणि आल्या आल्या चूक माझी म्हणेल, तुम्ही तिला ओळखत नाही. मामा गेल्यावर आई म्हणाली, तुम्ही तुमची तत्त्वं सांभाळा, माझी मुलगी जातेय. तिच्या मनात आता काय आहे ते मी तुला लिहीत नाही. तिच्या वतीने बोलणं मी सोडलंय. तू फोन केलास तर ती उचलेल असं मात्र मला वाटतं. सकाळी दोनदा तिने तुझा नंबर काढून पाहिला, मी पेपरच्या आडून पाहत होतो.

आता पाकीट. त्यात तुझी ती फाइल आहे, पहिल्या चिठ्ठीपासूनचे सगळे कागद. ती माझ्या कपाटात राहिली हेच चुकलं. ज्या दिवशी तू बरी झालीस त्याच दिवशी तुझ्या हातात द्यायला हवी होती. ठेव, जाळ, आशयला दाखव, नको दाखवूस. मला सांगायचीही गरज नाही.

गैरसमज नको, आशय मला अजून पसंत नाही. सगळं छान होईल असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं वाटत नाही आणि तुझ्याशी खोटं मी आजवर बोललो नाही. चुकलीस तर ती चूक तुझी असेल आणि बापाला तिच्यातला अर्धा वाटा उचलता येणार नाही. मी चुकलो असेन तर फार आनंदाने चुकीन. सुभानपुऱ्याचं घर आहे तिथेच आहे. यायला तुला कारण लागणार नाही, आणि आलीस तर कारण मी विचारणार नाही.

आता हे पत्र का, ते. काल संध्याकाळी कुणाल आला होता, मामांचा कुणाल, तुझा तिसरा साक्षीदार. मान खाली घालून उभा राहिला. सही करायची नाही अशी पप्पांनी शपथ घातलीय, काका, ताईला तुम्हीच सांगा ना. मी म्हटलं, ते तुझं तूच सांग, तेवढी हिंमत कर. तेव्हा बहुधा या पत्राआधी त्याचा फोन आला असेल. त्याच्यावर रागावू नकोस. तीन लागतात, दोन आहेत. तिसरा तुला कुणीही मिळेल, क्लिनिकमधलं कुणीही येईल. पण भक्ती, मला तिथे उभं राहायचं आहे. संमती द्यायला नाही. ती तू मागितली नाहीस आणि द्यायला ती माझी नाहीच. साक्षीदार म्हणून. मी चौकशी केली आहे, तिथे अधिकाऱ्यासमोर तुला तुझ्या तोंडाने म्हणावं लागतं, की मी याला नवरा म्हणून स्वीकारते. दुसऱ्या कुणी तुझ्या वतीने म्हणून चालत नाही. सरकारचा हा एक नियम मला मनापासून पटला. ते वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. जरा मोठ्याने म्हण, माझा डावा कान आता कामातून गेला आहे. ऐकलं की मी सही करीन. मग बाहेरच्या टपरीवर जाऊ, तिथे चहा घेणार का असं मी तुला विचारीन, आणि तू बोलेपर्यंत मी बोलणार नाही आणि आशयलाही बोलू देणार नाही. पण हे सगळं तू हो म्हणालीस तर. आपला नियम आजच्यापुरता उलटा करतो. मी सांगून येत नाही. उत्तराची घाई नाही, वेळ लागला तरी चालेल, मी उंबऱ्यावर बसायला शिकलेला माणूस आहे. विचारतोय. भक्ती, येऊ का?

तुझाच, आणि या एका बाबतीत सरकारच्या बाजूचा,
बाबा